सगळ्यात शेवटी कळणारा माणूस

नमस्कार मंडळी.

मागे उभे आहात त्यांनी भिंतीशी घडीच्या खुर्च्या आहेत, त्या घ्या. एवढे लोक येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. रविवारची दुपार, बाहेर हे असलं वारं, आणि तरी एर्लांगेनमधली जवळजवळ सगळी मराठी घरं इथे आहेत. आमच्या बिल्डिंगमधले शेजारीही आलेत. दारात मग्दाने तुमच्या हातात कॉफी दिली असेल. ती कडू लागली असेल. साखर घालायची राहिलेली नाही. तिच्याकडे, इजिप्तमध्ये, घरातलं माणूस गेल्यावर बिनसाखरेचीच देतात, आणि ती मुकाट्याने प्यायची असते.

मग्दा, तू म्हणालीस, तुमच्या भाषेत बोल, बाबांना ती ऐकायला आवडायची. म्हणून मराठीत बोलते. आपल्या मंडळातली शर्वरी तुझ्या शेजारी बसून तुला जर्मनमध्ये सांगेल.

मला बोलायचं कसं ते कळत नाहीये. मी वैदेही. मी मुळात घाबरट बाई आहे, हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे. गणपतीत नुसतं आभारप्रदर्शन करायचं असलं तरी मी कागदावर लिहून आणते. आणि आज तर माणूस गेलाय. आपले लुत्फीकाका गेले. लुत्फी झनाती. तिकडच्या सिनेमातले नट, एके काळी कैरोतल्या टॅक्सीवाल्यांच्या काचेवर ज्यांचा फोटो चिकटवलेला असायचा ते लुत्फी झनाती. आमच्या वरच्या मजल्यावर, आपल्या डॉक्टर मुलीकडे, ह्या मग्दाकडे राहायला आलेले, आणि माझ्या सासऱ्यांचे, अप्पांचे, इथले एकमेव मित्र.

हा फोन मी इथे समोर उघडा ठेवलाय. वाईट दिसतं, माहीत आहे. शोकसभेत बोलताना कोणी फोनकडे बघतं का? पण मला बघावं लागणार आहे. आणि का ते तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हीही माझ्याबरोबर सावध राहाल.

अप्पा आज आलेत. दुपारी म्युनिकला उतरले. माझा नवरा मिलिंद त्यांना आणायला गेलाय.

आणि काका गेल्याचं अप्पांना माहीत नाही.

असं बघू नका हो. तुमच्यातल्या कितीजणांनी हेच केलंय! इकडून तिकडे जाताना, तिकडून इकडे येताना, प्रवासातल्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. माणूस सुखरूप पोचू दे, हातपाय धुऊ दे, चहा होऊ दे, मग सांगू. माझ्या आजेसासूबाई गेल्या तेव्हा मलाही असंच फसवून नेलं होतं, म्हणे तब्येत जरा नरम आहे. आपल्याकडे हे असंच करतात. अप्पांचं तिकीट आधीच काढलेलं. वय झालेलं, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. इस्लामपूरहून गाडीने मुंबई, तिथून विमान, मध्ये एक विमान बदलायचं, आणि सगळं एकट्याने. कसं सांगणार? मी आणि मिलिंदने ठरवलं, इथे आल्यावर सांगू. मी सांगेन. घरी, त्यांच्या खुर्चीत बसवून, गोळ्या झाल्यावर.

मग हॉलची तारीख बदलू या म्हटलं, तर ते इथे शक्य नाही. इथे हॉल मिळतो तो महिनाभर आधी बुक करून. हा एक रद्द झाला होता म्हणून मिळाला. म्हणून अप्पांना मी फोनवर सांगितलं, रविवारी मंडळाचा कार्यक्रम आहे, मी विमानतळावर येऊ शकत नाही, मिलिंद येईल. ते म्हणाले, बरं. दर गुरुवारी त्यांचा आणि काकांचा व्हिडिओ कॉल असायचा. त्याचं काय करायचं? सांगितलं, काकांचा फोन बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. त्यालाही ते बरं म्हणाले. जो माणूस भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर विश्वास ठेवत नाही, तो एवढ्या पटकन बरं म्हणाला, याचं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. पण म्हटलं, चला, सुटलो.

मिलिंदचा मेसेज मघाशी आलाय. इंगोलश्टाटच्या पुढे आलेत. ट्रॅफिक नाही. एरवी त्या रस्त्यावर कायम श्टाऊ असतो, आज नेमका नाही.

असो. काकांबद्दल बोलू या.

अप्पा आणि काका भेटले ते सुपरमार्केटात, रिकाम्या बाटल्या परत घ्यायच्या मशीनपाशी. अप्पांना त्या मशीनची भीती वाटायची. बाटली टाकली की ते गिळतं किंवा बाहेर थुंकतं, आणि मागे रांग लागलेली. त्या दिवशी मशीन अप्पांची एक बाटली सारखी बाहेर फेकत होतं. मागून हे गृहस्थ पुढे आले. डोक्यावरची टोपी काढली. मशीनला वाकून नमस्कार केला. मग ती बाटली लहान पोराला घास भरवावा तशी मशीनच्या तोंडाशी धरली, चुचकारलं, एक घास चिऊचा करतात तसं काहीतरी अरबीत केलं. मशीनने परत थुंकली. मग रागावले, तोंड फिरवून बसले, आणि हळूच मागे हात करून बाटली सरकवली. गेली आत! रांगेतल्या आज्या हसत होत्या. जर्मन रांग, मंडळी! रांगेत कोणी हसताना तुम्ही पाहिलंय?

अप्पा घरी आले आणि म्हणाले, "वैदेही, आज एक माणूस भेटला. वेडा आहे. उद्या परत भेटणार आहे."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यानंतर 'उद्या' हा शब्द अप्पांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला.

दोघांचं इंग्रजी मोडकंतोडकं. अप्पा गणिताचे शिक्षक, म्हणून काका त्यांना उस्ताझ म्हणायचे, म्हणजे गुरुजी. अप्पा त्यांना हिरो म्हणायचे. काका म्हणायचे, मी हिरो कधीच नव्हतो, हिरोची कॉफी आणणारा होतो. आम्हाला तो विनय वाटायचा. पण ते खरंच होतं. त्यांची सगळी कारकीर्द एका कॉफीच्या कपातून सुरू झाली. ही गोष्ट त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात, कप हातात घेऊन, करून दाखवली होती. माझी तेवढी टाप नाही. नुसतं सांगते.

नाईलच्या मुखाकडच्या एका लहान गावातून कैरोला आलेला पोरगा. स्टुडिओच्या फाटकावर रोज उभा राहायचा. एक दिवस त्याला वेटरचा कोट चढवला आणि सांगितलं, त्या दारातून आत जायचं, खुर्चीत साहेब बसलेत, त्यांच्यासमोर कॉफी ठेवायची, परत यायचं. बस्स. सिनेमाची गोष्ट काय, हे असल्या किरकोळ माणसाला कोण सांगणार? तर त्या प्रसंगात तो साहेब, म्हणजे सिनेमाचा नायक, खुर्चीत बसल्या बसल्या नुकताच मेलेला होता. फार दुःखाचा सिनेमा. आणि ह्याला ते माहीतच नव्हतं!

हा आत गेला. कॉफी ठेवली. साहेब हलेनात. ह्याला वाटलं, एवढा मोठा नट आपलं वाक्य विसरला. आता आपणच सांभाळून घेतलं पाहिजे. म्हणून कप जरा पुढे सरकवला. खोकला. साहेब गप्प. मग वाटलं, कॉफी फार गरम असेल. म्हणून वाकून कपावर फुंकर घालायला लागला. मेलेल्या माणसासमोर, मन लावून, फुंकर! आणि दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवलाच नाही.

थिएटरात लोक रडत होते ते एकदम हसायला लागले. निर्माता भडकला. पण लोक त्या फुंकरीसाठी परत परत आले.

त्यानंतर काकांना कामं मिळाली, खूप मिळाली, पण एक अट कायमची चिकटली. त्यांना गोष्ट सांगायची नाही. दिग्दर्शक आपसांत ठरवायचे, झनातीला काही कळू देऊ नका. सकाळी सेटवर जायचे तेव्हा आज आपलं लग्न आहे की आपल्याला फाशी आहे, हेही त्यांना ठाऊक नसायचं. आणि पडद्यावरही त्यांचा माणूस तोच. सगळ्यांना माहीत, ह्याला एकट्याला माहीत नाही. नवरी पळून गेलीय आणि हा पाहुण्यांना सरबत वाटतोय. नोकरीवरून काढलंय आणि हा बढतीची मिठाई घेऊन साहेबांच्या दारात. घरमालकाने घर विकलंय आणि हा भिंतींना रंग देतोय, गाणं म्हणत. सगळं थिएटर ओरडायचं, अरे बाबा, अरे बाबा! आणि मग ते क्षणभरात त्याच्या लक्षात यायचं. तेव्हा काका काही करायचे नाहीत. तोंड वाकडं नाही, डोळे फिरवणं नाही. नुसतं उभं राहायचं.

मी त्यांना एकदा विचारलं, "काका, रोज असं जाताना भीती नाही वाटायची?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदी घरातली आहे. म्हणाले, रोज उलटी व्हायची. आयुष्यभर. सेटवर जायच्या आधी, रोज. लोकांना वाटायचं, हा हसवणारा माणूस, हा मजेत असेल. त्यांना एकच भीती होती, की एक दिवस कोणीतरी चुकून आपल्याला आधीच सांगेल, आणि मग ते चेहऱ्यावर दिसेल. म्हणून ते सेटवर कोणाशी बोलायचे नाहीत. कोपऱ्यात खुर्ची टाकून कानांत कापूस घालून बसायचे. हा त्यांचा कापूस मग्दाने लहानपणी पाहिलाय. हो ना मग्दा?

एक मिनिट हं. फोन.

न्युर्नबर्गजवळ आले. म्हणजे जवळच आले. मी मिलिंदला बजावून सांगितलंय, सरळ घरी ने, आमटीभात करून ठेवलाय, गरम कर, आणि माझी वाट बघ. इथला समारोप झाला की मी धावत जाईन. त्यामुळे माझं बोलणं मध्येच तुटलं तर समजून घ्या.

तर मंडळी, आपल्या मंडळाने काकांचा सिनेमा दाखवला होता, तो आठवतो ना? हसू नका, मिलिंद इथे नाहीये म्हणून मी सांगू शकते. माझा नवरा मेडिकल मशीनच्या चित्रांवर काम करतो. स्कॅनमधला कचरा काढून चित्र स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर. घरीही त्याला कुठे काही जास्तीचं दिसलं की हात शिवशिवतात. काकांचा जुना सिनेमा मग्दाकडून मिळाला, ह्याने तो कॉम्प्युटरवर चढवला, आणि बघतो तर दर थोड्या वेळाने कोणी काहीच बोलत नाही. नुसते उभे. ह्याला वाटलं, जुनी प्रिंट, आवाज उडालाय. गडी बसला आणि त्या सगळ्या रिकाम्या जागा शोधून शोधून कापून काढल्या. एकदम गेनाऊ, काटेकोर. मला अभिमानाने दाखवलं, बघ, सिनेमा कसा चटपटीत झाला!

कार्यक्रमाच्या दिवशी काका सूट घालून आले होते. सिनेमा सुरू झाला, आणि मग्दा एकेक अरबी वाक्य आपल्याला जर्मनमध्ये सांगत होती. पहिला विनोद झाला, आपण हसलो, आणि हसण्यात पुढचं वाक्य बुडालं. दुसऱ्याला हसलो, तिसरं बुडालं. मग लोक हसायचे थांबले, कारण गोष्ट कळेना. काका पडद्याकडे बघत नव्हते. ते भिंतीला पाठ लावून तुमच्याकडे बघत होते. त्यांची ती सवयच होती. कैरोतही ते थिएटरात पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि लोकांचे चेहरे बघायचे. त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं ह्यांना चक्कर येतेय. मी पाणी आणायला धावले.

अप्पांच्या ते आधी लक्षात आलं. अप्पांनी तो सिनेमा काकांच्या घरी आधीच पाहिलेला. मध्येच मोठ्याने म्हणाले, "मिलिंद, अरे हिरो उभा राहतो ते कुठे गेलं?"

मग काकांनी आम्हाला सांगितलं. रागावले नव्हते. ती जागा मुद्दाम ठेवलेली होती. किती वेळ लोक हसतील हे ते थिएटरात उभं राहून बघून यायचे, आणि एडिटरशी भांडून तेवढी शांतता पडद्यावर ठेवायला लावायचे. म्हणाले, मिलिंद, ती माझी वेळ नव्हती रे बाबा, ती त्यांची होती. पुढे नवीन लोक आले, भराभर बोलणारे. एडिटर म्हणायला लागले, उस्ताझ, एवढा वेळ कोणाला आहे? आणि मग करारासोबत पूर्ण स्क्रिप्ट घरी यायला लागलं. शेवटापर्यंत छापलेलं. काका म्हणाले, "ज्या दिवशी मी शेवट वाचला, त्या दिवशी माझं काम संपलं."

मिलिंदने त्या आठवड्यात सगळ्या जागा परत जोडल्या. आमच्या बैठकीच्या खोलीत परत सिनेमा लावला. मावतील तेवढे लोक, आणि काका भिंतीशी उभे. त्या वेळी आपण जे हसलो ना, खालच्या बाईंनी झाडूने छत ठोकलं. काका तेवढ्या एका संध्याकाळी अजिबात घाबरलेले दिसले नाहीत.

आज मला त्यांची फार गरज होती. दोन घाबरट माणसं एकमेकांना ओळखतात. मंडळाच्या कार्यक्रमाआधी मी जिन्यात उभी राहून हात चोळत असले की ते वरून यायचे आणि शेजारी उभे राहायचे. बाकी सगळे म्हणतात, घाबरू नकोस. ते कधी म्हणाले नाहीत. ते विचारायचे, "आज पोटात आहे की घशात?"

आज दोन्हीकडे आहे, काका.

कारण मला अप्पांचं काय होणार हे कळत नाहीये. तुम्हाला खरं सांगते. व्हिसावर अप्पा तीन महिने येतात आणि तीन महिने जातात. इस्लामपूरला घर मोठं आहे आणि त्यात ते एकटे. इथे आम्ही दोघं ऑफिसला, पोरं शाळेत, आणि पोरं आजोबांना उत्तर देतात ती जर्मनमध्ये. अप्पा इथे यायचे ते आमच्यासाठी नाही, हे म्हणायला मला लाज वाटत नाही. ते काकांसाठी यायचे. विमानतळावरून घरी आले की चपलाही न काढता वरच्या मजल्यावर. आज त्या दाराची बेल वाजवली तर काय होणार? आणि तीन महिन्यांनी ते परत कशाला येतील?

आणि सांगितलं तरी विश्वास ठेवतील का? कारण काका आधीही अनेकदा मेलेत. म्हणजे तिकडच्या अफवांत. जुना नट कुठे दिसला नाही की कोणीतरी टाकायचं, लुत्फी झनाती यांचं निधन. मग काका कैरोच्या टीव्हीला फोन करायचे, मी बोलतोय, मी जिवंत आहे, आणि निवेदिकाच हसत सुटायची. एकदा अप्पा इथे असताना अशी बातमी आली. अप्पा वर गेले, बेल वाजवली, काकांनी दार उघडलं. अप्पा म्हणाले, "हिरो, सुतकात आलोय, चहा ठेव." दोघं जिन्यात बसून हसत होते, पोटं धरून. आता मी सांगितलं तर अप्पा म्हणतील, परत का?

फोन वाजतोय. थांबा.

मिलिंद म्हणतोय... अप्पा घरी जायचं नाही म्हणतायत. आधी हॉलवर चल म्हणतायत. ते इकडे येतायत.

अरे देवा. मिलिंद त्यांना नाही का म्हणत नाही? मंडळाचा कार्यक्रम आहे असं मीच सांगितलं ना, म्हणून. त्यांना वाटलं असेल, सगळे भेटतील, काकाही भेटतील.

मंडळी, ऐका. कृपा करून ऐका. तुमच्यापैकी कोणी त्यांच्याजवळ जाऊन काही बोलू नका. 'वाईट झालं' नाही, हात हातात घेणं नाही. दारातच मी त्यांना गाठते. आणि हा काकांचा फोटो. हा फोटो त्यांना दारातूनच दिसणार. कोपऱ्यावर काळी फीत, वर आपला हार. तो उलटा करून ठेवू का? निदान ते बसेपर्यंत? मग्दा, तुझी हरकत नसेल तर फक्त... नको? नको म्हणतेस? मग्दा, तू डॉक्टर आहेस, तूच सांग, त्यांचं हृदय... तू मान हलवतेस, पण तुला त्यांची तब्येत माहीत नाही गं. बरं. बरं, राहू दे.

मी काय बोलत होते? काका. काकांचं शेवटचं.

काकांना शेवटी आजार सांगितला होता की नाही, हे मी मग्दाला विचारलं होतं. ती म्हणाली, इथल्या डॉक्टरांनी सरळ तोंडावर सांगितलं. मीही इथे डॉक्टर आहे, मीही रोज सांगते. पण बाबांना सांगताना मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. आणि बाबा डॉक्टरांना म्हणाले, धन्यवाद, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला वेळेवर सांगितलं.

दार उघडलं. मिलिंद आलाय.

अप्पा.

अप्पा, थांबा हं. तिथेच थांबा. मी येते. वाट द्या हो जरा त्यांना, कोणीतरी खुर्ची द्या. अप्पा, तुम्ही दमला असाल. आधी बसा. पाणी घ्या. मला तुम्हाला एक सांगायचं आहे, पण तुम्ही आधी बसा. नाही, फोटोकडे नका बघू, माझ्याकडे बघा. अप्पा...

काय म्हणालात?

परत म्हणा.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल. सांगते. अप्पा म्हणाले, "मला माहीत आहे, पोरी."

गुरुवारी त्यांनी फोन केला होता. मी नको म्हटलं तरी केला होता. काकांचा फोन मग्दाने उचलला. तेव्हाच त्यांना कळलं. मग्दा? तुला माहीत होतं? आणि आत्ता दारात मी तुझे हात धरून म्हणत होते की अप्पांना कसं सांगू, तेव्हाही? आणि मिलिंद, तुला? गाडीत सांगितलं. विमानतळावरून निघाल्या निघाल्या. आणि तू मला तिथून नुसती गावांची नावं पाठवत बसलास.

का हो अप्पा? का नाही सांगितलंत मला?

ते म्हणतायत, तुला कळलं असतं की मला कळलंय, तर तू तिकीट रद्द केलं असतंस.

हो. केलं असतं. तासाभरात केलं असतं.

हसा. खरंच हसा, मला चालेल. इथे उभी राहून मी मघापासून तुम्हा सगळ्यांना गप्प राहायला सांगतेय, आणि ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाच सगळं माहीत!

अप्पा, गुरुवारपासून आज रविवार. त्या मोठ्या घरात तुम्ही एकटे. रोज मी फोन करत होते, जेवलात का, बॅग भरली का, गोळ्या घेतल्या का, आणि तुम्ही नुसतं बरं म्हणत होतात. मग ते विमान, ते मधलं विमानतळ, इतके तास, शेजारी अनोळखी माणसं. तुमचा मित्र गेलेला आणि तुम्ही कोणाला सांगूही शकत नव्हतात, मला कळू नये म्हणून. अप्पा, इतके दिवस तुम्ही एकट्यानेच रडलात का हो?

या. इकडे पुढे या. मग्दाच्या शेजारी बसा. मग्दा, त्यांना ती कडू कॉफी दे.

मंडळी, मला अजून पुष्कळ सांगायचं होतं, ते राहू दे. सगळे उठा. अप्पा, तुम्ही बसूनच राहा, मी तुमच्या मागे उभी आहे. आपण थोडा वेळ गप्प राहू या, अप्पा हात वर करतील तोवर. लुत्फीकाका, आम्ही सगळे इथे आहोत, आणि तुमचे उस्ताझ पोचले.